निसणा, चामोटा आणि वस्तऱ्याची धार

लोहाराच्या भट्टीतून किंवा दुकानाच्या पेटीतून आलेल्या वस्तऱ्याने दाढी होत नसे. त्या पात्याला धार घेण्याजोगा आकार तेवढा असे. केस कापणारी धार त्यावर नाभिकाला स्वतः आणावी लागे, आणि एकदा आणलेली धार फार दिवस टिकतही नसे. चार-सहा दाढ्यांनंतर ती चामड्यावर सावरायची, काही आठवड्यांनी दगडावर नव्याने काढायची, खांडा पडला तर साणेवर न्यायची, असे हे कधीच न संपणारे काम होते. दगडाला निसणा म्हणत, चामड्याच्या पट्ट्याला चामोटा. गिऱ्हाइकाला दिसे ती हजामत. तिच्यामागचे हे निम्मे काम बहुधा गिऱ्हाईक येण्यापूर्वी किंवा गेल्यावर होई, म्हणून नाभिकांवर लिहिणाऱ्यांचेही तिकडे लक्ष गेले नाही.

भंडारा जिल्हा म्हणजे वैनगंगेच्या खोऱ्यातला धानाचा आणि तळ्यांचा मुलूख. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत तो पूर्वेकडे बराच दूर पसरला होता. भाषेने तो मराठी, पण बालाघाट आणि सिवनी ही हिंदी गावे शेजारी. त्यामुळे कारागिरांची नावे आणि हत्यारांची नावे इथे दोन्हीकडून आली. वऱ्हाडात ज्याला म्हाली म्हणतात तो इथे न्हावी, हिंदी बोलणाऱ्या घरी नाई, आणि सरकारी कागदावर नाभिक. निसण्याला हिंदी मुलखात सिल्ली म्हणतात.

या प्रदेशातला वस्तरा किती जुना याचा अदमास पवनीवरून बांधता येतो. वैनगंगेच्या काठचे हे गाव मौर्य-शुंग काळापासून बौद्धांचे मोठे केंद्र होते. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या देखरेखीखाली तिथल्या जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केले, तेव्हा स्तूपाचे अवशेष उघडे पडले. जिथे भिक्खूंचा संघ राहतो तिथे मुंडन आलेच. पाली विनयपिटकातल्या चुल्लवग्गाने केस दोन महिन्यांहून अधिक काळ किंवा दोन बोटांहून अधिक लांब ठेवायला मनाई केली आहे, आणि त्याच प्रकरणात भिक्खूंना वस्तरा बाळगण्याची मुभा दिली आहे. लक्ष देण्याजोगी गोष्ट अशी, की मुभा एकट्या वस्तऱ्याला नाही. वस्तऱ्याचा दगड, त्याचे म्यान आणि लोकरीच्या नमद्याचा तुकडा यांचीही नावे तिथे वेगवेगळी घेतली आहेत. नियम करणाऱ्याला दगडाशिवाय वस्तरा निरुपयोगी हे पक्के माहीत होते. संघाच्या नियमांचा जाणकार म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो उपाली मुळात शाक्यांचा न्हावीच होता.

शस्त्रवैद्यांनी हेच ज्ञान आणखी काटेकोर मांडले. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातल्या आठव्या अध्यायात शस्त्राला पाणी द्यायचे तीन प्रकार सांगितले आहेत: क्षाराचे, पाण्याचे आणि तेलाचे. त्याच ठिकाणी धार काढायला उडदाच्या रंगाचा गुळगुळीत दगड घ्यावा आणि धार नीट बसवायला सावरीच्या लाकडाची फळी वापरावी असे विधान आहे. शस्त्र केस कापू लागले की ते तयार झाले, ही कसोटीही तिथलीच. धारेची जाडी मसुरीच्या दाण्यापासून अर्ध्या केसापर्यंत कामाप्रमाणे ठरवून दिली आहे. म्हणजे दगड झिजवण्यासाठी आणि दुसरे एखादे मऊ साधन धार सावरण्यासाठी, अशी कामाची दुहेरी वाटणी निदान दीड हजार वर्षांपूर्वी ठरून गेली होती. फळीच्या जागी पुढे चामडे आले. काटेसावर भंडाऱ्याच्या जंगलात आजही उभी आहे. तिचे लाकूड हलके, मऊ आणि सच्छिद्र असते, बारीक पूड धरून ठेवते. पाश्चात्त्य कारागीर पुढे पूड लावलेल्या लाकडी पट्ट्या वापरू लागले, त्या याच गुणासाठी.

गावगाड्यात नाभिक बलुतेदारांपैकी एक. त्याला दर हजामतीचे पैसे मिळत नसत. धानाचा हंगाम निघाला की खळ्यावर घरटी ठरलेले धान्य मिळे, आणि लग्न, जावळ, सुतक अशा प्रसंगी हक्काचे मानपान. आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांताच्या जाती-जमातींवरील चार खंडांत नाभिकांवर स्वतंत्र प्रकरण आहे. लग्नातली कामे, निरोप पोचवणे, अंग रगडणे, गळू फोडणे, या सगळ्याचा त्यात ऐसपैस समाचार आहे. वर्षाच्या धान्यावर बांधलेल्या या व्यवस्थेचा धारेशी थेट संबंध होता. हत्याराचा खर्च नाभिकाचा स्वतःचा. नवा वस्तरा घेतला म्हणून खळ्यावर पायलीभर धान जास्त मिळत नसे. साहजिकच आहे तोच वस्तरा वर्षानुवर्षे, कित्येकदा बापाकडून मुलाकडे, चालवायचा. आणि दगडावर गरजेपेक्षा एक हातही जास्त मारायचा नाही, कारण प्रत्येक घासण्याबरोबर पाते थोडे संपते.

त्याची सगळी मालमत्ता धोकटीत मावे. वस्तरे दोन-तीन, कातर, फणी, नखे काढायची नराणी, चिमटा, हातातला आरसा, पाण्याची वाटी, निसणा आणि चामोटा. वाटी बहुधा पितळेची. भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी नावाजलेले, तेव्हा ती कासाराच्या आळीतून येई. वारकरी संत सेना न्हावी यांच्या प्रसिद्ध अभंगात आरसा, चिमटा, पाणी आणि नखे यांना अध्यात्माचा अर्थ दिला आहे, पण त्या रूपकांत निसण्याला जागा मिळाली नाही. गिऱ्हाइकासमोर येणारी हत्यारे रूपकात शिरली आणि मागे राहणारी मागेच राहिली, असे म्हणावे लागते.

पोलादाचा प्रश्न सर्वांत अवघड होता. विदर्भात लोखंड गाळण्याची परंपरा फार जुनी. नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंड येथे लोहयुगातली भट्टी उत्खननात मिळाली आहे, आणि चांदा भागातले लोखंड एकोणिसाव्या शतकापर्यंत प्रसिद्ध होते. पण भट्टीतून निघणारे साधे लोखंड मऊ असते. नांगराच्या फाळाला ते चालते, वस्तऱ्याला चालत नाही. वस्तऱ्याच्या पोलादात कार्बन एक टक्क्याच्या आसपास लागतो, आणि तापवून विझवल्यानंतर ते पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा उतरवावा लागतो. असे पोलाद गावच्या लोहाराला मिळण्याचा एक मार्ग म्हणजे झिजलेली कानस. कानशीचा तुकडा ठोकून काढलेला देशी वस्तरा आखूड, जाड आणि जवळजवळ पाचरीसारखा असे. त्याच्या दोन्ही बाजू सपाट. हे पुढे महत्त्वाचे ठरते, कारण सपाट बाजूचा वस्तरा दगडावर ठेवला की त्याचे सबंध अंग दगडाला लागते आणि धार यायला फार वेळ जातो.

खांडे पडलेला किंवा पार बोथट झालेला वस्तरा निसण्यावर सुधारत नाही. त्याला साण लागते, आणि ती शिकलगाराकडे. साण म्हणजे कुरुंदाची पूड वितळलेल्या लाखेत मळून बनवलेले चाक. आसाला गुंडाळलेली वादी एक जण आळीपाळीने मागेपुढे ओढतो, चाक दोन्ही दिशांनी फिरते, आणि दुसरा पाते टेकवतो. या चाकाला लागणाऱ्या दोन्ही वस्तू भंडाऱ्याला परक्या नाहीत. लाख पळसाच्या आणि कुसुमाच्या झाडांवर होते आणि तिचा व्यापार गोंदियाकडे मोठा होता. साकोली-लाखनी पट्ट्यातल्या जुन्या रूपांतरित खडकांत, पोहरा आणि गर्काभोंगा या गावांजवळ, सिलिमनाइट आणि कायनाइटचे साठे आहेत, आणि पोहऱ्याच्या खडकात कुरुंदही सापडतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या टी. एच. हॉलंड यांनी १८९८ मध्ये कुरुंदावर सबंध एक पुस्तक लिहिले, इतके या खनिजाचे तेव्हा महत्त्व होते. पुढे कृत्रिम घर्षकांनी त्याची किंमत उतरवली. आज पोहऱ्याकडच्या खनिजाचे नाव निघते ते भट्टीच्या उष्णतारोधक विटांच्या संदर्भात.

कुरुंदाची कठिणता मोहच्या मापावर ९, म्हणजे हिऱ्याच्या एक पायरी खाली, गारेची ७, वस्तऱ्याच्या पोलादाची त्याहून थोडी कमी. कठीण दगड लवकर झिजवतो हे खरे, पण वस्तऱ्याला तेवढे पुरत नाही. कणाचा आकारही पाहावा लागतो. मोठा कण खोल चर पाडतो, आणि धार म्हणजे दोन बाजूंचे चर जिथे भेटतात ती रेघ. चर खोल असतील तर रेघ करवतीसारखी दातेरी होते. दातेरी धार दोरी छान कापते आणि गाल सोलते. म्हणूनच साणेनंतर निसणा लागतो, आणि निसण्याचा दगड इतका बारीक पोताचा हवा की बोट फिरवले तर काचेसारखा वाटावा. पाटीचा दगड, बारीक गारेचा दगड, ज्यात सूक्ष्म कण मऊ मातकट खडकात सारखे विखुरलेले आहेत असा दगड, हे त्यातले उत्तम. बेल्जियममधल्या व्हिएलसाल्म भागातला पिवळा कोटिक्यूल हा याचा जगप्रसिद्ध नमुना. त्यात गार्नेटचे बारीक कण ठासून भरलेले असतात. जर्मनीतल्या थुरिंगियाची पाटी आणि अमेरिकेतल्या आर्कान्सासचा नोव्हाक्यूलाइट हे त्याचे भाऊबंद.

निसण्यावर काम करायची रीत वस्तऱ्याच्या घडणीतून आली आहे. चाकूला धार लावताना कोन हाताने सांभाळावा लागतो. वस्तऱ्यात तो कोन पोलादातच घडवलेला असतो. पात्याची पाठ जाड, धारेकडे ते उतरत गेलेले; वस्तरा दगडावर आडवा ठेवला की पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकतात आणि दोन बाजू मिळून साधारण १६-१७ अंशांचा कोन आपोआप तयार होतो. पाठ उचलली की काम बिघडले. धार पुढे करून, जणू दगडाचा पातळ पापुद्रा काढायचा आहे अशा बेताने, वस्तरा पुढे न्यायचा; टोकाला पोचल्यावर पाठीवरच तो उलटायचा, धार दगडावर फिरू द्यायची नाही; मग दुसऱ्या बाजूने परत. दगड पात्यापेक्षा अरुंद असेल तर घास तिरका घ्यावा लागतो, म्हणजे मुठीकडून टोकापर्यंत सगळे पाते दगडावरून जाते. दोन्ही बाजूंना घास सारखे, आणि हात हलका. सुरुवातीला पात्याचे वजन आणि वर बोटाचा किंचित दाब, शेवटी दाब अजिबात नाही. शिकाऊ पोराला हेच सर्वांत उशिरा जमते, कारण जोर लावला की काम लवकर होईल ही समजूत हातातून जात नाही.

दगड ओला ठेवायचा. कोणी पाणी वापरतो, कोणी तेल. एकदा तेल प्यालेला दगड पुन्हा पाण्यावर नीट चालत नाही. घासताना दगडावर राखाडी राप धरतो, तो म्हणजे निघालेले पोलाद आणि दगडाचे सुटलेले कण. जाणकार तो लगेच धुऊन टाकत नाही, कारण सुटे कण आणखी बारीक होत जातात आणि पोत सुधारतात. शेवटचे काही घास मात्र स्वच्छ पाण्यावर घेतो. अंगठ्याच्या ओल्या नखावर धार अलगद टेकवून ओढली की ती कुठे अडखळते ते समजते. अडखळली तर खांडा शिल्लक आहे, घसरली तर बोथट आहे, एकसारखी रुतत गेली तर झाली. फार घासले तर उलटाच दोष येतो: धार इतकी पातळ होते की तिची कडा तारेसारखी वाकून लोंबते, पहिल्या दाढीला छान चालते आणि दुसऱ्या दाढीला तुटून पडते. त्यावर उपाय म्हणजे धार एकदा हलकेच मोडून पुन्हा काढणे.

निसण्याचा स्वतःचाही एक आजार आहे. रोजच्या घासण्याने तो मधोमध खोलगट होतो, आणि खोलगट दगडावर पाठ आणि धार एकत्र टेकत नाहीत. तेव्हा दुसऱ्या सपाट दगडावर पाणी आणि बारीक वाळू घालून तो घासून सपाट करावा लागतो. विळे आणि कुऱ्हाडी घासायच्या दारातल्या दगडावर वस्तरा कधी लावत नसत, त्याचे कारणही हेच. तो दगड खडबडीत तर असतोच, शिवाय खड्ड्याखळग्यांनी भरलेला.

दगडावरून निघालेली धार सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर तिच्या कडेला पोलादाची अतिसूक्ष्म कोर उभी दिसते, कुठे डावीकडे कललेली, कुठे उजवीकडे. दाढी करतानाही कडा अशीच कलते. दाढीचा कोरडा केस त्याच जाडीच्या तांब्याच्या तारेइतका चिवट असतो असे सांगतात. पाण्याने दोन-तीन मिनिटे भिजवला की तो फुगतो आणि मऊ पडतो. जुना नाभिक साबण असो वा नसो, वाटीतले पाणी गालावर बराच वेळ चोळत बसे, ते गिऱ्हाइकाच्या सुखाइतकेच वस्तऱ्याच्या आयुष्यासाठी. कललेली कडा सरळ करायचे काम चामोट्याचे.

चामोटा म्हणजे म्हशीच्या किंवा बैलाच्या कातड्याचा जाड पट्टा, एक टोक खुंटीला किंवा पायाच्या अंगठ्यात अडकवलेले, दुसरे डाव्या हातात ताणलेले. कातडे हिरडा किंवा बाभळीच्या सालीने कमावलेले असावे लागते. ते जरा करकरीत राहते आणि पोलाद त्यावर किंचित अडते. इथे दिशा उलटी. पाठ पुढे आणि धार मागे, नाहीतर धार पट्ट्यात शिरते. पट्टा सैल सुटला की तो धारेभोवती वळतो आणि तिला गोल करतो, म्हणजे महिनाभराचे दगडावरचे काम मिनिटात वाया. वस्तरा उलटायचा तो याही वेळी पाठीवरच. पट्ट्याला तेलाचा हात मधूनमधून देत. वर्षानुवर्षांच्या वापराने तो काळाकुळकुळीत होई; तो काळेपणा पोलादाच्या धुळीचा असतो, आणि ती धूळ स्वतःच थोडेफार झिजवण्याचे काम करते. बाजारात झाडाखाली बसणारा नाभिक कित्येकदा चामोटा काढतच नसे. डाव्या तळहाताच्या गादीवर दोन-चार सपके मारून वस्तरा थेट गालाला लावी. पाहणाऱ्याला हा दिमाख वाटे, पण तळहाताचे जाड कातडे आणि त्यावरचा किंचित तेलकटपणा या कामाला खरोखर योग्य आहे.

पट्ट्याला मुद्दाम लेप लावण्याची कल्पना दगड आणि कोरे चामडे यांच्या मधली पायरी आहे. लेपात कण असतो, पण दगडाहून कितीतरी बारीक, आणि तो चरबीत किंवा तेलात कालवलेला. युरोपात अठराव्या शतकात हा प्रकार फोफावला. पॅरिसचा हत्यारे बनवणारा कारागीर झां-झाक पेरे याने १७६९ मध्ये स्वतःची दाढी स्वतः करण्याच्या कलेवर पुस्तक लिहिले. १७९० च्या दशकात लंडनच्या जॉर्ज पॅकवुडने वस्तऱ्याचे पट्टे आणि लेप वर्तमानपत्री जाहिरातींच्या जोरावर विकले. जाहिरातीच्या इतिहासात त्याचे नाव आजही निघते, त्याच्या लेपाचे क्वचितच. जुन्या लेपांत लोहभस्माची तांबडी पूड मुख्य. सोनाराकडे दागिन्यांना झिलई द्यायला वापरतात ती तीच. पुढे क्रोमियम ऑक्साइडची हिरवी वडी आली. तिचा कण साधारण अर्धा मायक्रॉनचा असतो, तर माणसाचा केस ५० ते १०० मायक्रॉन जाडीचा. स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांना चकाकी देणाऱ्या कारखान्यांत ही वडी सहज मिळते. आता हिऱ्याच्या पुडीचेही लेप मिळतात, मायक्रॉनचा आकडा डबीवर छापलेला.

लेपाचा फायदा असा, की आठवड्याआड येणारी निसण्याची पाळी महिन्यावर जाते. तोटा असा, की त्याची चटक लागते. लेप लावलेला पट्टा प्रत्येक वेळी धारेला किंचित गोल करतो. काही महिन्यांनी कोन इतका वाढतो की लेप कितीही लावला तरी वस्तरा केस ओढतो आणि शेवटी दगडाकडे जावेच लागते. म्हणून अनुभवी कारागीर दोन बाजूंचा पट्टा ठेवत, एका बाजूला लेप आणि दुसरी कोरी, आणि रोजच्या कामाला कोरीच वापरत. लेपाचे कण कोऱ्या बाजूला लागू न देण्याची काळजी वेगळी.

१८५३ मध्ये नागपूरकर तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले आणि त्यांचे राज्य कंपनीने खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला. पण वस्तऱ्याच्या दृष्टीने मोठा बदल रेल्वेने आणला. नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारा लोहमार्ग १८८० च्या दशकाच्या आरंभी वरठीजवळचे भंडारा रोड, तुमसर रोड आणि गोंदिया या वाटेने गेला. पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने तो रुंद करून कलकत्त्याकडे जोडला. विलायती माल तालुक्याच्या बाजारापर्यंत पोचू लागला, आणि त्यात शेफील्ड आणि झोलिंगेनचे वस्तरे होते. शेफील्डकडे बेंजामिन हंट्समनने अठराव्या शतकाच्या मध्यावर काढलेले मुशीतले एकजीव पोलाद होते. झोलिंगेनने पात्याच्या बाजू आतून पोखरून ती कागदासारखी पातळ करण्याची कला पूर्णत्वाला नेली.

पोखरलेल्या वस्तऱ्याने निसण्याचे गणित बदलले. देशी वस्तऱ्याचे सबंध अंग दगडाला लागे. पोखरलेल्याची पाठ आणि धारेची केसभर पट्टी एवढेच लागते. पंचवीस-तीस घासांत धार येते. पण जो राकट दगड जाड वस्तऱ्याला शंभर घासांत कसाबसा आणी, तोच या पात्याला चार घासांत खाऊन टाकी. नव्या वस्तऱ्याबरोबर नवा दगडही घ्यावा लागला. १८९१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड अॅचेसनने सिलिकॉन कार्बाइड, म्हणजे कार्बोरंडम, बनवले आणि त्यानंतर कारखान्यात दाबून भाजलेले एकसारख्या पोताचे निसणे जगभर पसरले. ते न्हाव्यांसाठी म्हणूनच विकले जात, खिशात मावतील एवढे. नैसर्गिक दगड पारखायला जन्म जाई. कारखान्याच्या निसण्याला पारख लागत नाही. कारागिराच्या ज्ञानाचा एक भाग इथेच सैल झाला, ब्लेड येण्याच्या कितीतरी आधी.

धार टिकवण्याची निकड सर्वांत जास्त भासे ती घाटावर. पवनीला विदर्भाची काशी म्हणतात. वैनगंगेच्या घाटांवर दहाव्या दिवशीच्या क्षौराला एका घराची सगळी पुरुष मंडळी ओळीने बसतात. डोके भादरणे वस्तऱ्याला दाढीपेक्षा फार जड जाते, कारण केस दाट, क्षेत्र मोठे आणि कवटीचा उंचसखलपणा. तिथे एका वस्तऱ्याने भागत नाही.

वस्तऱ्याच्या याच ताकदीची दुसरी बाजू विधवांच्या केशवपनात दिसे. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी एकत्र येऊन विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असा निश्चय केला. सुधारकांच्या व्याख्यानांपेक्षा हा संप रूढीला अधिक बोचला असावा. व्याख्यान न ऐकता येते, न्हाव्यावाचून केशवपन होत नाही.

हवामानाचा जाचही भंडाऱ्यात थोडा नव्हता. वर्षाला सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. शिवाय सगळीकडे तळी आणि बांधातले पाणी. कार्बनचे पोलाद एका रात्रीत गंजते आणि गंज प्रथम सर्वांत पातळ जागी, म्हणजे धारेवरच, चढतो. काम झाले की वस्तरा कोरडा पुसून, चामोट्यावर दोन हात मारून, तेलाचे बोट लावून मिटायचा. श्रावणात पुष्कळ लोक दाढी राखत, शनिवार-अमावास्या वर्ज्य असत. हे रिकामे दिवस धारेच्या कामाला बरे पडत. दसऱ्याला इतर शस्त्रांबरोबर धोकटीतली हत्यारेही पूजेला मांडली जात, आणि पूजेला मांडायचे म्हणून ती आधी पाजळली जात.

अमेरिकेत किंग जिलेटची कंपनी १९०१ मध्ये स्थापन झाली, १९०३ मध्ये तिची दुधारी पाती बाजारात आली आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना ती वाटली गेली. शहरातला नोकरदार घरीच दाढी करू लागला. भंडाऱ्याच्या खेड्यांत मात्र ब्लेडने नाभिकाचे गिऱ्हाईक लगेच तोडले नाही. आधी जमिनीची आणि धान्याची व्यवस्था मोडली. मालगुजारी १९५१ मध्ये संपली, रोख मजुरी वाढली, बलुत्याचे धान आटत गेले. नाभिक तालुक्याच्या गावी, बसस्थानकाजवळ, खुर्ची आणि भिंतीवरचा आरसा घेऊन बसला. दर दाढीला पैसे मिळू लागल्यावर वेळेची किंमत झाली, आणि निसण्यावर जाणारा वेळ प्रथमच तोट्यात दिसू लागला.

शेवटचा धक्का रोगाच्या भीतीचा. भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण १९८६ मध्ये आढळले, १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना उभी राहिली, आणि एकच वस्तरा अनेकांना लावू नये हा संदेश खेड्यापर्यंत गेला. निसण्याने आणि चामोट्याने धार येते, जंतू मरत नाहीत. उलट एकाचे रक्त पट्ट्यावरून दुसऱ्याच्या धारेला लागू शकते. या युक्तिवादापुढे जुन्या कौशल्याला उत्तर नव्हते, आणि द्यायचे कारणही नव्हते. त्या जागी खाचेत ब्लेड बसवायचा वस्तरा आला. दुधारी ब्लेड कागदासकट मधोमध मोडायचे, अर्धे खाचेत सरकवायचे, दाढी झाली की फेकायचे. हातातली पकड, गाल ताणायची रीत, पात्याचा कल हे सगळे जुन्याच वस्तऱ्याचे राहिले. धार तेवढी कारखान्यातून येऊ लागली.

घडीच्या जुन्या वस्तऱ्याचे शौकीन आता मोठ्या शहरांत आहेत. ते बेल्जियमचे दगड आणि हिऱ्याचे लेप मागवतात आणि एका धारेवर सबंध रविवार घालवतात. भंडाऱ्यातल्या केशकर्तनालयात दगडाशी संबंध उरला आहे तो कातरीपुरता. कातर फेकून देण्याइतकी स्वस्त नसते आणि तिचे अर्धे पाते विकत मिळत नाही. तिच्यासाठी धारवाला येतो, सायकल उभ्या घोडीवर लावतो, पायडल मारून कार्बोरंडमचे चाक फिरवतो, दोन्ही पाती टेकवून ठिणग्या उडवतो आणि कापडाची चिंधी कापून दाखवून पैसे घेतो.